‘गाठ आली, आता दोनच महिने’ हे खरं नाही

मांजरं पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतो: ‘मांजरीच्या सडाजवळ गाठ म्हणजे कॅन्सरच. दोन-तीन महिन्यांत खेळ संपतो. चाकू लावला की कॅन्सर पसरतो, म्हणून ऑपरेशनचे हाल करू नका, शांतपणे जाऊ द्या.’ लिहिणाऱ्याला मांजरीची माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा मेसेज वाचून लोक थांबतात, आणि या आजारात थांबणंच सगळ्यात महागात पडतं.

गाठ म्हणजे कॅन्सर, हे बऱ्याच अंशी खरं आहे. कुत्र्यांमध्ये स्तनाच्या निम्म्याच्या आसपास गाठी साध्या निघतात, मांजरींमध्ये मात्र 80 ते 90 टक्के घातक असतात. तरीही ‘कॅन्सरच’ म्हणता येत नाही. नसबंदी न झालेल्या तरुण मांजरीचे एकाच वेळी अनेक सड भराभर सुजतात, तेव्हा बहुधा तो प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचा परिणाम असतो. ती सूज नसबंदीने किंवा ते हॉर्मोन अडवणाऱ्या औषधाने ओसरते. वर्षभराच्या मांजरीला या मेसेजपायी कुणी शेवटचं इंजेक्शन द्यायला निघालं, तर केवढा अनर्थ!

आता ‘दोन-तीन महिने’. फुप्फुसांपर्यंत पसरलेल्या आजारात हा अंदाज बरोबर ठरू शकतो, पण तो सगळ्यांच्या माथी मारणं चूक आहे. ऑपरेशनच्या दिवशी गाठ केवढी होती, यावर फार काही ठरतं. 2 सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ वेळेत काढलेल्या मांजरींचं मध्यक आयुष्य 3 वर्षांच्या पुढे जातं. 2 ते 3 सेंटिमीटरला ते साधारण दीड-दोन वर्षं असतं, आणि 3 च्या पुढे बहुतेक वेळा वर्षाच्या आत. मध्यक म्हणजे निम्म्या मांजरी त्याहून जास्त जगल्या. ही सरासरी नव्हे, आणि मुदत तर नव्हेच. लसिका ग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) कॅन्सरच्या पेशी पोचल्या आहेत का, गाठीची श्रेणी (म्हणजे तपासणीत तिच्या पेशी किती आक्रमक दिसतात ते) कोणती, यावरही चित्र बदलतं. माझ्या पहिल्या मांजरीची गाठ हरभऱ्याएवढी असताना सापडली होती. ‘बघू, वाढते का’ म्हणत मी चार महिने घालवले. ती वाढली.

चाकूने कॅन्सर पसरतो, हा समज कुठून येतो ते कळतं. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी छातीत गाठी दिसतात आणि दोष ऑपरेशनवर येतो. पण त्या पेशी बहुधा आधीच निसटलेल्या असतात, फक्त दिसण्याएवढ्या वाढलेल्या नसतात. म्हणून ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढतात. दुसरं कारण म्हणजे अर्धवट काम. मांजरीला दोन्ही बाजूंना चार-चार स्तनग्रंथी असतात. नुसती गाठ खुडून काढली तर ती त्याच जागी परत येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून त्या बाजूची पूर्ण रांग काढण्याचा सल्ला देतात. दोन्ही रांगा काढायच्या असतील तर बहुतेक वेळा मध्ये काही आठवडे जाऊ देतात. काढलेली गाठ तपासणीला पाठवायचा आग्रह धरा.

केमोथेरपीबद्दल मी एवढा ठाम नाही. डॉक्सोरुबिसिन वापरतात, पण ऑपरेशनच्या जोडीला तिने आयुष्य किती वाढतं यावर अभ्यासांचं एकमत नाही, आणि मांजरीची मूत्रपिंडं त्या औषधाने दुखावू शकतात.

‘शांतपणे जाऊ द्या’ हे कधीकधी योग्यच असतं. छातीत पाणी भरलंय, श्वास लागतोय, खाणं सुटलंय, अशा मांजरीला टेबलावर झोपवू नये. पण ते तपासणीनंतर ठरवायचं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: 6 महिन्यांच्या आत नसबंदी केली तर हा धोका सुमारे 91 टक्क्यांनी घटतो, वर्षाच्या आत केली तर 86 टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर हा फायदा दिसत नाही. माज थांबवायची हॉर्मोनची इंजेक्शनं आणि गोळ्या धोका उलट वाढवतात.

मांजर मोठी असेल तर महिन्यातून एकदा तिला मांडीवर घ्या आणि काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही रांगा बोटांनी चाचपा. बारीकशीही गाठ लागली तर माप आणि तारीख लिहून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.