आधी टायर बघा, ट्यूब नंतर

जुने गोवे ते पणजी मी रोज सायकलने जातो. येऊन-जाऊन वीसेक किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात एका महिन्यात पाच वेळा मागचं चाक पंक्चर झालं. जो तो म्हणायचा, गोव्यात सायकल चालवायची तर हे व्हायचंच. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाचही पंक्चर एकाच दुकानात काढून घेतली. ट्यूब बाहेर काढायची, पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, घासून सोल्यूशन लावायचं, पॅच, हवा, संपलं. टायरच्या आत कुणी बोटसुद्धा फिरवलं नाही. शेवटी आमच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या पोदेर (पाववाल्या) अंकलनी चाक उतरवलं. या माणसाने आयुष्यभर सायकलमागे पावांची टोपली बांधून गावं पालथी घातली आहेत. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून सावकाश फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे डोळ्यांना काहीच दिसेना. टायर उलटा दुमडला तेव्हा तांदळाच्या कणीएवढं तारेचं टोक वर आलं. ट्रकचे टायर फाटले की आतल्या पोलादी तारा रस्त्यावर पडतात, त्यातलीच ही. चिमट्याने ओढून तळहातावर ठेवत अंकल म्हणाले, "ट्यूब नंतर. आधी टायर बघ." महिनाभर मी एकाच तारेचे पैसे भरत होतो!

त्यांच्याकडूनच आणखी एक शिकलो. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्वच्या जागीच आणायचं. मग ट्यूबला भोक सापडलं की व्हॉल्वपासूनचं अंतर मोजून टायरवरची नेमकी जागा कळते. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला असेल तर दोष रस्त्याचा नाही, रिमवरची पट्टी सरकून आऱ्याचं टोक लागत असतं. आणि शेजारी शेजारी दोन भोकं, साप डसल्यासारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली.

हवेबाबत आपण फार बेफिकीर आहोत. ट्यूब चांगली असली तरी हवा हळूहळू झिरपतच असते. टायरच्या बाजूवर हवेचा दाब किती पीएसआय (दाबाचं एकक) हवा ते छापलेलं असतं. अंगठ्याने दाबून अंदाज करू नका, मीटरवाला पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा भरा. मागच्या चाकावर भार जास्त, तिथे जास्त लक्ष. त्याच वेळी टायरवर रुतलेले काचेचे कण टाचणीने उकरून काढा. काच सहसा एका फटक्यात आत जात नाही, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक थोडी थोडी घुसते. पावसात तर लवकरच, कारण ओलं रबर सहज कापलं जातं.

जाड थराचे टायर मिळतात. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये रबराचा ५ मिलिमीटरचा संरक्षक थर असतो. चांगलाच, पण जड आणि महाग. ट्यूबमध्ये घालायचं सीलंट बारीक भोकं बुजवतं, मात्र काही महिन्यांत सुकतं. माझं मत, हे सगळं नंतर. आत तार तशीच असेल तर महागड्या ट्यूबलाही ती भोक पाडणारच.

आता रस्त्याचं. माझ्या वाटेवरचा रायबंदर ते पणजीतलं पाटो हा कॉजवे (पाणथळ भागातून उंच बांधलेला रस्ता) पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, सकाळी याच्यासारखा रस्ता नाही. पण अरुंद. गाड्यांच्या चाकांनी मधला भाग साफ होतो आणि सगळी काच, खडी, तारा कडेला जमतात. नेमक्या त्याच कडेला आम्हा सायकलवाल्यांना ढकललं जातं. मी कडेपासून दोन-अडीच हात आत चालवतो. मागून हॉर्न वाजला तरी कडेच्या काचेत जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

ती काच बहुतेक बिअरच्या बाटल्यांची. पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं आणि बाटल्या फोडणं यावर २०१९ मध्ये कायद्याने दंड ठेवला. तरी सोमवारी सकाळी हिरवे-तपकिरी तुकडे चमकताना दिसतातच. मी आता बॅगेत जुना ब्रश ठेवतो, थांबून तुकडे गोळा करतो. दोन मिनिटं जातात. रस्ता झाडणाऱ्यांना कडेपासून सुरुवात करायला सांगितलं तर तेवढीही जाणार नाहीत. तुमच्या वाटेवर अशी जागा कुठली आहे ते खाली लिहा, सगळ्यांची मिळून एक यादी करू आणि पंचायतीत, पालिकेत नेऊन देऊ.