टाकी रिकामी केली आणि गाडी पास झाली

सोलापूरच्या माणसाला १२० लिटर पाणी मातीत सोडायला लावणे म्हणजे काय, हे ज्या गावात नळाला रोज पाणी येते तिथल्या लोकांना कळणार नाही. आमच्याकडे चार-चार, पाच-पाच दिवस पाण्याची वाट पाहावी लागते आणि पाणी आले की घरातली पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात. असे असताना मे महिन्याच्या भर दुपारी, वाहन तपासणी केंद्राच्या फाटकाबाहेर, गाडीच्या टाकीची तोटी उघडून मी वीस-पंचवीस मिनिटे उभा राहिलो आणि घरून भरून आणलेले पाणी रस्त्याकडेच्या धुळीत जिरताना पाहिले. शेजारच्या रांगेतला एक टेम्पोवाला बादली घेऊन धावत आला, तेवढीच काय ती एक बादली सत्कारणी लागली.

हे का करावे लागले, ते आधी सांगतो. थोरल्या भावाची आणि माझी सामाईक अशी तेरा वर्षांची मिनीबस आहे. मागच्या चार आसनांच्या जागी रीतसर परवानगी काढून आम्ही दोन झोपायचे बाक, स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली, त्यामुळे तिला घरात कौतुकाने कॅरव्हॅन म्हणतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याच्या कितीतरी आधीपासून आमची गाडी तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि वर्षाकाठी एकदा कोकण असा संसार करते आहे. गाडी पिवळ्या पाटीची असल्यामुळे तिला योग्यता प्रमाणपत्र लागते. पहिली ८ वर्षे ते दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते, ज्याला आपण सगळे ‘पासिंग’ म्हणतो. दरवर्षी तपासणी असण्याला माझा काडीचाही विरोध नाही. जुन्या गाडीत आपली आई आणि दुसऱ्यांची मुले बसतात, तिची तपासणी झालीच पाहिजे. माझा संताप तपासणीवर नाही, तपासणी या नावाखाली जे चालते त्यावर आहे.

सकाळी अकरा वाजता गाडी यंत्रासमोर लागली आणि हेडलाइटचा फोकस वर जातो म्हणून नापास झाली. मी बल्ब बदलू का, स्क्रू फिरवून आणू का, असे विचारत असताना रांगेतल्याच एका जुन्या चालकाने गाडीच्या मागच्या बाजूकडे पाहिले आणि म्हणाला, “मालक, टाकी भरलेली आहे का? रिकामी करा, आपोआप बसेल.” त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. पाणी, सिलिंडर आणि बाकांचे लाकूड असे सगळे ओझे मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे असल्यामुळे गाडी मागून बसते, नाक वर येते आणि दिव्यांचा झोतही वर जातो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा १२० किलो उतरवल्यावर मागची बाजू उचलली गेली, झोत खाली आला आणि दीड वाजता तीच गाडी, तेच दिवे, तोच स्क्रू, त्याच यंत्रावर पास झाली. एक बोल्टसुद्धा कोणी फिरवला नव्हता. खरा दोष मागच्या कमानपाट्यांचा, म्हणजे गाडीचे ओझे पेलणाऱ्या स्प्रिंगांचा होता. तेरा वर्षांत ते दमले होते आणि त्यांना एक जादा पाटा घालून घ्यायला हवा होता. पण हे मला केंद्रात कोणी सांगितले नाही, कारण कमानपाट्याकडे कोणी पाहिलेच नाही. संध्याकाळी घरी येऊन टाकी पुन्हा भरली आणि होटगी रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक दुचाकीस्वार माझ्या ‘पास झालेल्या’ दिव्यांपुढे हात धरून डोळे मिटू लागला.

हॅण्डब्रेकची कथा तर याहून मजेशीर आहे. पहिल्या वेळी ब्रेक तपासणाऱ्या यंत्राच्या रोलरवर आकडा कमी आला. दहा मिनिटांनी केंद्रातल्याच दुसऱ्या मुलाने लिव्हर दोन्ही हातांनी ओढला आणि आकडा पुरेसा आला. जुन्या गाड्यांत हॅण्डब्रेकची केबल ताणली जाते, तिच्या वेष्टनात गंज धरतो आणि मागच्या ब्रेकचे लायनर झिजलेले असतात, म्हणून हा दोष नेहमी आढळतो. तो दंडातल्या ताकदीने बरा होत नाही. चढावर गाडी उभी करताना माझी पत्नी दोन्ही हातांनी लिव्हर ओढणार आहे का?

याउलट ज्यासाठी मला दोन हेलपाटे घालायला लावले, त्या गोष्टी पाहा. मागच्या रेडियम पट्टीचा एक कोपरा उचकटलेला होता, एका वायपरचे रबर कडक झाले होते आणि नंबरपाटीवरचा एक अंक पुसट होता. यातल्या रेडियमबद्दल मी तक्रार करणार नाही; गाळप हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात, तेव्हा तेवढीच पट्टी जीव वाचवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण जे डोळ्यांना चकाकते तेवढेच पाहायचे आणि जे गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही त्याकडे फिरकायचेच नाही, ही कुठली रीत झाली?

गाडीखाली काय असते, तेही सांगतो. आमच्या ओट्याच्या सांडपाण्याची नळी एका जागी ठिबकत होती आणि ते खरकटे पाणी दोन वर्षे चॅसीच्या आडव्या पट्टीवर पडत होते. सोलापूरच्या कोरड्या हवेत गाड्या फारशा गंजत नाहीत, या समजुतीत मीही होतो. पासिंगच्या आधी गॅरेजवाले सगळ्यांच्याच गाड्यांना खालून काळा रंग मारून देतात, तसा आमच्याही गाडीला मारला गेला. त्या रंगाखाली पट्टीला बोटभर लांबीचा सडलेला भाग होता, जिथे पेचकस टोचला असता तर आरपार गेला असता. तपासणाऱ्याने टॉर्च मारून “खालून चकाचक ठेवली आहे गाडी” असे वर कौतुकही केले. ज्या रंगामुळे संशय यायला हवा, त्याच रंगाला गुण मिळाले.

टायरांचेही तेच. नक्षी खोल आहे म्हणून सहाच्या सहा टायर पास झाले. मात्र मागच्या दोन टायरांच्या बाजूवर कोरलेला चार आकड्यांचा शिक्का ‘३५१४’ असा होता, म्हणजे ते २०१४ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेले होते. आमच्यासारखी गाडी वर्षातले कितीतरी महिने उभीच असते, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात रबर सुकते आणि बाजूंना बारीक चिरा पडतात. सतत धावणाऱ्या जीपला जो रोग होत नाही, तो उभ्या राहणाऱ्या गाडीला होतो, आणि तपासणी मात्र दोघींची एकाच पट्टीने होते.

आता मूळ मुद्दा, ज्यामुळे हे लिहायला बसलो. पासिंग झाल्यावर एकोणिसाव्या दिवशी आम्ही आईला घेऊन तुळजापूरला गेलो होतो. दर्शन करून परतताना घाट उतरत असता तिसऱ्या वळणाआधी पेडल एकदम खाली गेले. भाऊ गाडी चालवत होता. त्याने दुसरा गिअर टाकला, पेडल तीन-चार वेळा दाबले, हॅण्डब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकला ऑईल पोहोचवणारा रबरी होज पाईप फुटला होता. ब्रेकची दोन सर्किटे वेगळी असतात, मागचे शाबूत होते, म्हणूनच मी हे लिहायला उरलो. आई मागच्या बाकावर प्रसादाची पिशवी घट्ट धरून बसली होती आणि “झालं का रे?” एवढेच तिने विचारले.

सोलापूरहून आलेल्या मेस्त्रीने तो पाईप काढून माझ्या हातात दिला. तो अजून माझ्या टेबलावर आहे. फुटलेली जागा सोडून इतरत्र वाकवला, तरी त्यावर वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा उघडतात. त्या एकोणीस दिवसांत पडलेल्या नाहीत, वर्षानुवर्षांच्या आहेत. तपासणीच्या दिवशी कोणी चाक वळवून, गाडीखाली हात घालून तो पाईप दोन बोटांनी वाकवला असता, तर अर्ध्या मिनिटात सगळे कळले असते. ब्रेकचे ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि मग घाटातल्या उष्णतेने त्यात वाफ धरते, ते शेवटी कधी बदलले हेही कोणी विचारले नाही. रोलरवर ब्रेक एकदा दाबला गेला आणि तेवढ्यापुरता लागला. घाटात तो शंभर वेळा दाबावा लागतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले, तेव्हा मी खूश झालो होतो, कारण माणसाची मर्जी, ओळख आणि एजंट या तिन्हींतून एकदाची सुटका होईल असे वाटले होते. आकडा यंत्राने काढला तर त्यात खोट काढता येत नाही, हे खरे आहे. मात्र रोलर फक्त ब्रेक किती लागला ते सांगतो, उद्या लागेल का ते सांगत नाही. ते सांगायला गाडीखाली जाणारा माणूस लागतो. यंत्र आले आणि त्या माणसाने वाकणे सोडले.

माझा आतेभाऊ ब्रिटनमध्ये राहतो आणि त्याच्याकडेही एक म्हातारी मोटारहोम आहे. तिथे गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. मे २०१८ पासून तिथे दोषांची धोकादायक, मोठे आणि किरकोळ अशी वर्गवारी करतात आणि शिवाय जे आज नापास करण्याइतके वाईट नाही, पण बिघडत चालले आहे, त्याची सूचनाही कागदावर लिहून देतात. गाडीचा नंबर टाकला की तो सगळा इतिहास कोणालाही इंटरनेटवर पाहता येतो. तोही कुरकुर करतोच, कारण तिथे तपासनीसाला काही उघडून पाहण्याची मुभा नाही आणि आतली गॅसची जोडणी त्या तपासणीत येत नाही. पण त्याच्या कागदावर ‘पुढच्या होज पाईपला भेगा’ असे निदान लिहिलेले तरी असते. माझ्या कागदावर ब्रेकपुढे ‘योग्य’ हा एकच शब्द आहे. आमच्या ओट्याखालच्या सिलिंडरच्या नळीकडे तर कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तिचे ५ वर्षांचे आयुष्य संपले होते, हे नंतर मीच पाहिले.

फुटलेला पाईप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी केंद्रात गेलो होतो. खिडकीतल्या गृहस्थाने पिशवीकडे पाहिले, संगणकावर गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाला, “साहेब, त्या दिवशी सगळे ओके होते. आमच्याकडून काही नाही.” मी कमानपाट्याचा, पाईपचा, काळ्या रंगाचा विषय काढला. मागे रांग वाढत होती. शेवटी त्याने मला एक सल्ला दिला, आणि या सगळ्या प्रकरणात अधिकृतपणे मिळालेला तेवढा एकच तांत्रिक सल्ला आहे.

“पुढच्या वर्षी येताना टाकी घरीच रिकामी करून या.”