अरे, आवाज कुणाचा!

काल आमच्या घरी येऊन आवाज रीतसर मोजण्यात आला. तो ७८ डेसिबल भरला आणि माझाच निघाला.

मुलुंडला आमच्या एलबीएस रोडवर मेट्रो येतेय. २०१८ पासून येतेय. खांब झाले, गर्डर चढले, आता स्टेशनच्या जिन्यासाठी आमच्या खिडकीखाली रिग उभी आहे. ती जमीन खणते त्याचं एवढं काही नाही. ऑगरला, म्हणजे खणायच्या त्या भल्यामोठ्या स्क्रूला, चिकटलेला चिखल सुटावा म्हणून तो गदागदा झटकते, ते खरं मरण. रात्री दीडला कुणी लोखंडी कपाटात पातेली भरून ते जिन्यावरून ढकलावं, आणि खाली पोचलं की परत वर नेऊन ठेवावं. त्यात काँक्रीटचा मिक्सर. दिवसा गर्दीच्या वेळी जड गाड्यांना बंदी, म्हणून हा रात्री येणार आणि मागे घेताना टीं टीं करणार. कुणासाठी? रस्त्यावर चिटपाखरू नाही. जे काय जागे आहेत ते सगळे चौथ्या मजल्यावर.

सतरा तक्रारी झाल्या. अठराव्या तक्रारीवर एक मुलगा मीटर घेऊन आला. दुपारी सव्वा वाजता, खाली जेवणाची सुट्टी असताना.

"काका, आवाज कुठाय?" (मी बेचाळीसचा आहे.)

"रात्री असतो."

"रात्री आमचं ऑफिस बंद असतं."

मग त्याने आमच्या घरातले आवाज वजा करायला घेतले. पंखा बंद. फ्रिज बंद. घड्याळाचा सेल काढला. खिडकीतल्या कबुतराकडे बोट दाखवून "हे तुमचं का?" म्हणाला. आतून आईने "चहा घेशील का रे?" विचारलं, तर "आजी, हळू!" कुकरच्या दोन शिट्ट्या बाकी होत्या. गॅस बंद करा म्हणाला, पण डाळ कच्ची राहील म्हटल्यावर आई ऐकते होय! शेवटी तोच टेकला. त्याची खोली कळव्याला, रुळांना लागून. "सवय होते काका. आता गाडी नाही गेली की जाग येते मला." या माणसाला आमच्या झोपेचा पंच नेमला होता.

"हादरे बसतात का?"

मी बेडरूममधली भेग दाखवली. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्यातलाच कुणीतरी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून गेला होता. भिंत हलली तर काच तडकते म्हणे.

"पट्टी तडकलीय," तो म्हणाला.

"तेच सांगतोय!"

"मग नवी लावावी लागेल."

इथे माझा तोल गेला. सन २००० चे नियम आहेत म्हटलं, रहिवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा ४५ डेसिबल! बांधकामाची आवाज करणारी यंत्रं तर रात्री लावायचीच नाहीत! आणि डेसिबल म्हणजे कांदे नव्हेत बाबा, ४५ चे ८५ झाले की दुप्पट होत नाहीत, ध्वनीची तीव्रता दहा हजार पट होते!

तो मीटर माझ्याकडे रोखून शांत उभा. "थँक्यू काका. रीडिंग मिळालं."

मेट्रो नकोय असं नाही हो. वीस वर्षं लोकलला लोंबकळलोय, मलाच हवीय. पण दिवसा वाहतूक अडते म्हणून काम रात्री, म्हणजे गाड्यांची सोय पाहिली जाते. माणसाला झोप लागते, हे कुठल्या नकाशात दाखवायचं राहिलं? आईची बीपीची गोळी वाढलीय. डॉक्टर विचारतात, कसलं टेन्शन आहे का.

जाताना त्याने रजिस्टर पुढे केलं. 'तक्रारदाराच्या उपस्थितीत मोजणी केली.' मोजणी झालीच होती, मी उपस्थितही होतो. सही केली. तो फाटकाशी पोचतोय तोवर खालची जेवणं आटोपली आणि रिगने ऑगर झटकायला सुरुवात केली. मी गॅलरीत धावलो, "अहो, आत्ता मोजा! आत्ता!" म्हणून दोन्ही हात हलवत बोंबललो.

त्याला ऐकू गेलं नाही. त्याने वर बघून मला टाटा केला.