किनिगीचे बटाटे, चंद्रपूरची मोहफुलं

परवा चंद्रपूरकडून मामाचा फोन आला. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईवर वाघ धावून आला, ती थोडक्यात वाचली. गावानं रस्ता अडवला. "वाघ बघायला पर्यटक, जीव मुठीत धरायला आम्ही," मामा म्हणाला. मी रवांडाच्या राजधानीत, किगालीत राहतो. त्याला काय उत्तर द्यावं सुचेना, पण किनिगी डोळ्यांपुढे आलं.

किनिगीहून रवांडाच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात शिरतात. बटाट्याची शेतं थेट दगडी कुंपणाला भिडलेली, पलीकडे पर्वतीय गोरिला. एका कळपाला दिवसातून फक्त आठ पर्यटक भेटतात, तेही तासभर. आपली सर्दी त्यांच्या जिवावर बेतते, म्हणून तोंडाला मास्क. परदेशी माणसाला 2017 पासून परवाना 1,500 डॉलरला पडतो आणि उद्यानाच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी राखलेला आहे. तो आधी 5 टक्के होता.

माझी पिशवी वाहणारा माणूस कुंपणालगतचाच शेतकरी. रानरेडे आत येऊन पीक तुडवतात म्हणून चिडलेला. पण पर्यटकांचं ओझं वाहून त्याच्या हाती रोख पडते. जंगलात फास कोण लावतं हे गावाला ठाऊक असतं, आता ते कुणी लपवत नाही, असं तो म्हणाला. माझ्या मते गोरिला वाचले ते यामुळेच. हे उद्यान ज्या विरुंगा पर्वतरांगेत आहे, तिथे 1980 च्या सुमारास ते अडीचशेच्या आसपास उरले होते. आता तिथले आणि युगांडातल्या ब्विंडीचे मिळून हजारावर आहेत.

याच ब्विंडीत 1991 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथल्या बट्वा लोकांना त्यांच्याच रानातून बाहेर काढलं. त्यांचं नुकसान कुठल्याही टक्केवारीनं भरून आलेलं नाही. आपल्याकडे गावं उठवायचा विषय निघाला की मला आधी ते आठवतात.

ताडोब्याचं तिकीट 1,500 डॉलर व्हावं असं मी म्हणणार नाही. चंद्रपूरच्या शाळकरी पोराला वाघ दिसलाच पाहिजे. पण गाड्या वाढवायच्या की कमी करायच्या, एवढ्यावरच आपण भांडतो. गेटवर जमलेल्या पैशातला गावाचा वाटा किती, तो कुठे खर्चला, हे ग्रामसभेत दरवर्षी वाचून दाखवायला हवं. त्यावर गावाचा हक्क आहे, ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

मामाला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाचून दाखवू दे. पण डुकरांनी धान तुडवलं त्याचा पंचनामा अजून व्हायचाय, तो आधी."