एकच प्रयोग

ऑगस्ट लागला की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपला जाग येते. पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे, लॉट्स (कुणाचा प्रयोग कधी, त्याच्या चिठ्ठ्या) निघाले का, यंदा आपली एकांकिका कोण बसवतंय, आणि दोन दिवसांत गाडी २०२२ वर येतेच. त्या वर्षी परीक्षकांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही. झालं. अर्धे म्हणतात, दर्जाच नव्हता तर द्यायचा कशाला? उरलेले म्हणतात, पोरांनी भर पावसात रात्र-रात्र तालमी केल्या, आणि अंतिम फेरीतल्या नऊ संघांत एकही लायक नाही?

मी केंब्रिजला बसून हे वाचतो. पूर्वी भांडायचोही. आता दोन्ही बाजू मला एकाच खुंट्याला बांधलेल्या वाटतात.

इथे विद्यार्थ्यांचा एक नाट्यक्लब आहे, १८५५ सालचा. एडीसी म्हणतात त्याला, म्हणजे ॲमॅच्युअर ड्रामॅटिक क्लब. पार्क स्ट्रीटवरच्या त्याच नावाच्या थिएटरात सत्र चालू असताना दर आठवड्याला नवं नाटक लागतं. मंगळवार ते शनिवार, रोज संध्याकाळी. शिवाय रात्री उशिरा दुसरंच काहीतरी. करंडक नाही, परीक्षक नाहीत. फार तर विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात कुणीतरी चांदण्या देऊन मोकळं होतं.

गेल्या हिवाळ्यात एक नाटक मी मंगळवारी पाहिलं आणि उगाचच शनिवारी पुन्हा गेलो. मंगळवारी बापाचं काम करणारा मुलगा प्रत्येक वाक्य फेकत होता. शनिवारी एका ठिकाणी तो नुसता थांबला. प्रेक्षक हसले, मग एकदम गप्प झाले. ती जागा त्याला कुठल्या दिग्दर्शकाने दिली नसणार. मधल्या तीन रात्रींनी दिली.

आमच्या वेळी पुरुषोत्तमला मी प्रकाशयोजनेला होतो. शेवटच्या ब्लॅकआउटला एक डिमर, म्हणजे दिवा मंद करायचा दांडा, खाली ओढायचा राहिला आणि मेलेली आजी उठून विंगेत चालत जाताना स्पर्धा होते त्या सगळ्या भरत नाट्य मंदिराने पाहिली. दीड महिन्याची तालीम, तासाभराची एकांकिका, प्रयोग एक. अंतिम फेरीत गेलो नाही. तो डिमर मी आजतागायत खाली ओढलेला नाही.

म्हणून म्हणतो, दर्जा दर्जा काय करताय? एकदाच केलेल्या गोष्टीचा दर्जा कसला मोजायचा? ती तर आणखी एका तालमीसारखीच असणार.

आता इथलं सगळं सोन्याचं आहे असं नाही. इथली मुलं बऱ्याचदा जुनी, छापील नाटकंच करतात. वीस वर्षांच्या पोराने स्वतः संहिता लिहावी, ती रात्री दोनला कँटीनच्या पायरीवर पुन्हा फाडावी, ही पुण्याची मस्ती मला इथे क्वचित दिसली. आणि पुरुषोत्तमला पोरं देतात ती ‘अरे, आवाज कुणाचा!’ ही आरोळी इथे ठोकली तर बहुतेक सुरक्षारक्षक येईल. प्रेक्षक शिष्टपणे टाळ्या वाजवून वाइन प्यायला जातात. पुण्यातलं ते नरडं स्पर्धेमुळेच फुटतं, हे मला मान्य आहे. करंडक बंद करा असं मी म्हणतच नाही.

पण ‘भरत’ची सुरुवात आठवा. १८९४ साली ती संस्था निघाली तीच मुळी स्टुडंट्स सोशल क्लब या नावाने. म्हणजे एडीसीसारखाच विद्यार्थ्यांचा क्लब.

हे, आणि एकच एकांकिका सलग पाच रात्री करून बघू, असं ग्रुपवर लिहिलं. आमचा तेव्हाचा दिग्दर्शक, आता बँकेत आहे, त्याने लगेच विचारलं, “पाच रात्री हॉल कोण देणार? तुझा काका?” बरोबर आहे. म्हणून हिशेब मांडायला घेतलाय. नाट्यगृह नकोच, सदाशिव पेठेतली एखादी पन्नास खुर्च्यांची खोली, चार दिवे, शंभर रुपये तिकीट. प्राथमिक फेरीतच बाद झालेली एक एकांकिका, मंगळवार ते शनिवार.

तो म्हणतो, पहिल्या रात्री मित्र येतील, दुसऱ्या रात्री आईवडील. बुधवारनंतर कोण येणार?

तेच तर बघायचंय. डिसेंबरात तीन आठवडे येतोय. दिव्यांना मी बसतो.