आमच्याकडे तर चालतोय!

गणपती तोंडावर आलेत आणि तुमच्या मंडळाने यंदा घरगुती सजावट स्पर्धा वेबसाइटवर घ्यायचं ठरवलंय. लोकांनी घरच्या आराशीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, साइटवर चढवायचा आणि परीक्षकांनी घरबसल्या पाहायचा. फारच छान. आता बैठकीत एखादा शहाणा हमखास विचारेल, की लोक नाना तऱ्हेच्या मोबाइलवरून व्हिडिओ पाठवणार, ते सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये दिसावेत म्हणून आपण काही करणार आहोत का? त्याला आधी चहा द्या. मग वर्गणीची पावतीपुस्तकं द्या आणि पलीकडच्या गल्लीत पाठवा.

कारण करण्यासारखं काही नाहीच. फाइल आली, फोल्डरमध्ये पडली, पानावर व्हिडिओचा टॅग टाकला, संपलं. चाचणी घ्यायचीच असेल तर साइट करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्याच्याच लॅपटॉपवर लावून बघा. तिथे चालला म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात चालला. पुढे कोणाचीही तक्रार आली तरी उत्तर तयार ठेवा: ‘आमच्याकडे तर चालतोय!’

नियमावलीत ‘फक्त एमपी४ फाइल स्वीकारली जाईल’ हे ठळक अक्षरांत छापा. एमपी४ हा नुसता डबा असतो, आत काय भरलंय ते झाकणावरून कळत नाही, असं तो शहाणा म्हणेल. म्हणू दे. आत एच.२६४, म्हणजे चित्र दाबून साठवण्याची जुनी पद्धत, असली तर व्हिडिओ जवळपास कुठेही चालतो, कारण ते मानक २००३ चं आहे आणि तेव्हापासून सगळ्यांनी ते पचवलंय. पण २०१७ पासून आयफोन मुळातच एचईव्हीसी या तिच्या पुढच्या पद्धतीत चित्रण करतो. ते उलगडण्याची सोय ज्या संगणकात नाही, तिथे बऱ्याचदा आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो. परीक्षकांना ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ खणखणीत ऐकू येईल, मूर्ती दिसणार नाही. आपल्याकडे निर्गुण उपासनेची परंपरा मोठी आहे, काळजी नसावी.

शिवाय आयफोनची फाइल असते एमओव्ही, म्हणजे ती दारातूनच परत जाणार. ‘अमान्य फाइल’ एवढे दोनच शब्द लाल रंगात दाखवा. का अमान्य, काय करायचं, हे सांगत बसू नका. स्पर्धक आपापले मार्ग शोधतात. साठीच्या काकू गूगलवर फुकट कन्व्हर्टर शोधतील, चार जाहिराती चुकवतील, पाचवीवर बोट पडेल, आणि शेवटी हाती येणाऱ्या व्हिडिओत बाप्पाच्या सोंडेवर त्या कन्व्हर्टरचं नाव आडवं छापलेलं असेल. त्यांचा भाचा जास्त हुशार. तो व्हिडिओ स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवेल आणि उतरवून घेईल. तिथे तो आपोआप बारीक होतो, एमपी४ होतो आणि चालतोही. चित्र जरा पुसट होतं, पण जे काम तुमच्या सर्व्हरने करायचं ते परस्पर झालं, आणि तेही मंडळाचा एक पैसा खर्च न होता. तिसरा कोणी फाइलच्या नावातलं ‘एमओव्ही’ खोडून ‘एमपी४’ लिहील. तुमची तपासणी नावापुरतीच असल्यामुळे त्याला सन्मानाने आत घ्या.

फाइलच्या आकाराकडेही लक्ष देऊ नका. पीएचपीमध्ये, म्हणजे साइट ज्या भाषेत लिहिली जाते तिच्यात, एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मची ८ एमबी असते. आयफोनवर फोर-के चित्रण ३० फ्रेमने केलं तर मिनिटाला साधारण १७० एमबी होतात. म्हणजे दोन मिनिटांची आरास ३४० एमबी. मर्यादा वाढवायचं कोणालाच सुचलं नाही, तर एक सुंदर गोष्ट घडते. निळी पट्टी अर्धा तास सरकत शंभर टक्क्यांपर्यंत जाते, सगळं सर्व्हरवर पोहोचतं, मग पीएचपी ते सगळं टाकून देतं आणि फॉर्म कोरा पाहून तुमची साइट नम्रपणे विचारते, ‘कृपया फाइल निवडा.’ इतका सात्त्विक छळ ठरवूनही जमायचा नाही.

आता समजा, पावतीपुस्तकं संपवून तो शहाणा परत आला आणि सर्व्हरवरच रूपांतर करायचं असं बहुमताने ठरलं. हरकत नाही. एफएफएमपेग आहेच, फाब्रिस बेलार याने २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प फुकट मिळतो आणि जगातला जवळपास कुठलाही व्हिडिओ खातो. प्रश्न फक्त ते कसं वापरायचं एवढाच. स्पर्धकाने बटण दाबलं की त्याच विनंतीत, त्याला पानावर ताटकळत ठेवून रूपांतर सुरू करा. काम रांगेत लावून ‘व्हिडिओ मिळाला, तयार झाला की कळवू’ असं सांगणं हा मोठ्या कंपन्यांचा भित्रेपणा आहे. एन्जिनएक्ससारखा सर्व्हर मागच्या प्रोग्रॅमची मुळात ६० सेकंद वाट पाहतो, मग ‘५०४’ ही वेळ संपल्याची चूक दाखवून मोकळा होतो. स्पर्धक पुन्हा बटण दाबतो. पहिलं रूपांतर मागे चालूच असतं, त्याच्या जोडीला दुसरं सुरू होतं. अंतिम तारखेच्या रात्री पावणेबाराला, जेव्हा अख्खा तालुका एकदम जागा होतो, तेव्हा हे दृश्य पाहण्यासारखं असतं.

दर्जाची चिंता असेल तर एक्स२६४ चा, म्हणजे एच.२६४ व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा, सगळ्यात हळू प्रीसेट (तयार मांडणी) निवडा. ज्यांनी तो बनवला त्यांनीच त्याचं नाव ‘प्लासिबो’, म्हणजे औषध नसलेली समाधानाची गोळी, ठेवलंय, यावरून त्यांचा त्यावर किती विश्वास आहे ते कळतं. उभे व्हिडिओ आले तर ताणून १२८० बाय ७२० मध्ये बसवा. लंबोदर आहेच, अजून थोडा होईल. आयफोन १२ पासूनचे फोन मुळातच एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड आणि रंगांच्या जास्त मोठ्या पट्ट्यात, चित्रण करतात. ते रंग साध्या पडद्यासाठी उतरवायला एक वेगळी पायरी लागते, ती गाळा. शेंदरी मूर्ती धुवट दिसली की म्हणा, पर्यावरणपूरक रंग आहेत. आणि फाइलची अनुक्रमणिका, जी हाती आल्याशिवाय व्हिडिओ सुरू होत नाही, शेवटी राहते ती तशीच राहू द्या. ती पुढे आणायला ‘फास्टस्टार्ट’ हा एकच शब्द जोडावा लागतो, पण लोकांना गोल फिरणाऱ्या चक्राची सवय झालीय, ती का मोडा?

फाइलचं नाव स्पर्धकाने दिलेलं तेच वापरा, आणि रूपांतराच्या आज्ञेत जसंच्या तसं चिकटवा. ‘आमचा बाप्पा; फायनल (२)’ या नावातल्या अर्धविरामापाशी शेलच्या, म्हणजे सर्व्हरवर आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मते एक आज्ञा संपते आणि दुसरी सुरू होते. बाप्पाच्या भक्ताने दुसरी आज्ञा चांगलीच लिहिली असेल. २०१६ मध्ये एफएफएमपेगमधली एक फट उघडकीला आली होती: व्हिडिओ म्हणून प्लेलिस्ट, म्हणजे नुसती फायलींची यादी, चढवायची, आणि रूपांतराच्या नादात ते सर्व्हरवरच्या फायली वाचून देत असे. ती बुजवून कैक वर्षं झाली. पण तुमच्या स्वस्तातल्या होस्टिंगवर आवृत्ती कधीची आहे ते विचारू नका, उगाच संबंध बिघडतात.

मूळ फाइल मात्र सर्वांना उतरवून घेता आलीच पाहिजे, पारदर्शकता हवी. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर व्हिडिओच्या पोटात चित्रण कुठे झालं त्याचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. चांदीचं मखर, सोन्याचा कंठा, देव्हाऱ्याशेजारचं कपाट आणि घराचा नेमका पत्ता, असा संपूर्ण संच एका क्लिकवर. सोबत आभारप्रदर्शनात ‘विसर्जनाला सगळे घाटावर या’ हे लिहायला विसरू नका.

एकाच व्हिडिओच्या लहान-मोठ्या आवृत्त्या करून ज्याचं नेट जसं तशी द्यायची, ही युक्ती अॅपलने २००९ मध्येच एचएलएसच्या रूपाने आणली. तुम्ही मात्र सगळ्यांना ती एकच मूळ फाइल द्या, सेकंदाला २२ मेगाबिटची. गणपतीत चाकरमानी कोकणात उतरले की गावच्या टॉवरवर आधीच झुंबड असते. तिथल्या आजींना मुंबईतल्या नातवाची आरास दर चार सेकंदांनी थांबत-थांबत पाहता येईल, बारकावे सुटणार नाहीत.

राहता राहिला निकाल. परीक्षकांच्या संगणकावर जे व्हिडिओ चालले त्यांतूनच पहिले तीन क्रमांक काढा आणि काळ्या चौकोनांना सहभागाची प्रमाणपत्रं द्या. कोणी भांडायला आलंच तर नियमावलीची शेवटची ओळ दाखवा. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे तुम्ही गेल्या वर्षीच्या पत्रकातून आधीच उचललेलं आहे.