"वी म्हणजे आपण की आम्ही?"

लेक दुसरीत गेली तेव्हा पहिल्याच पालकसभेत बाईंनी सांगितलं, "घरी इंग्रजीच बोला, दोन भाषांमुळे तिचा गोंधळ होतोय." आम्ही ऐरोलीत राहतो. मी मराठी, नवरा कन्नड, आणि सासूबाई नातीशी कन्नडमध्येच बोलतात. बाईंचं आम्ही ऐकलं. अडीच महिने घरात इंग्रजी. पोरगी शाळेतून आली की "यस", "नो", "फाइन", एवढंच. कोणाचं रबर हरवलं, कोण रडलं, कोणी कोणाचा डबा खाल्ला, हे सगळं सांगणं बंद झालं. अज्जीच्या खोलीत ती जाईना. एकदा जेवताना सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्याशी बोलायला आता या घरात कोणी उरलं नाही." त्या रात्रीच आम्ही तो नियम मोडला.

त्यानंतर जे दिसलं, त्यावरून माझं ठाम मत झालंय की घरच्या दोन भाषा इंग्रजीच्या आड येत नाहीत. तिसरी भाषा त्यांच्याच आधारावर उभी राहते.

एकदा लेकीने विचारलं, "आई, वी म्हणजे आपण की आम्ही?" मला उत्तर सुचेना. ती स्वतःच म्हणाली, "अज्जीच्या नावुसारखं! दोन्हींना एकच." कन्नडमध्ये खरंच दोन्हींसाठी 'नावु' आहे. पुढे तिच्या लक्षात आलं की आपण 'टेबलावर' म्हणतो, अज्जी 'मेजिन मेले' म्हणते, दोन्हींत 'वर' मागून येतं आणि इंग्रजीत 'ऑन' आधी. वाशी लोकलमधून जाताना घणसोलीची इंग्रजी पाटी वाचून तिने विचारलं, "यातला ण कुठे गेला?" एकच भाषा येणाऱ्या मुलाला हे प्रश्न इतक्या सहज पडतील असं मला वाटत नाही.

अभ्यासकही हेच सांगतात. जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडलं की एका भाषेत कमावलेली वाचनाची, विचारांची समज दुसऱ्या भाषेत कामी येते. बोलण्यापुरती नवी भाषा साधारण 2 वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला 5 ते 7 वर्षं लागतात, हेही त्यांचंच. स्पेनच्या बास्क प्रांतात सेनोझ आणि व्हॅलेन्सिया या दोन अभ्यासकांना 1994 मध्ये दिसलं की बास्क आणि स्पॅनिश दोन्ही येणारी मुलं इंग्रजीत पुढे होती. आणि आपण दुसरीतल्या पोराला वर्षभरात फाडफाड इंग्रजी येत नाही म्हणून घाबरतो!

लेकीच्या वर्गात गोठिवलीतल्या आगरी घरातला एक मुलगा आहे. "मना पानी दे" म्हटलं की त्याला "शुद्ध बोल" ऐकावं लागतं. घरी आगरी, पुस्तकात प्रमाण मराठी, आणि वर इंग्रजी. माझ्या लेकीला लोक कौतुकाने द्विभाषिक म्हणतात, त्याला कोणी म्हणत नाही. याचा मला फार राग येतो. त्याच्याकडेही दोन भाषांचा तोच खजिना आहे, आणि आपण त्याला त्याची लाज वाटायला लावतोय.

इंग्रजी आपोआप येईल असं मी म्हणत नाही. आमच्याकडे रात्री आधी अज्जीची कन्नड गोष्ट, मग मराठी पुस्तक, आणि रोज अर्धा तास मन लावून इंग्रजी वाचन. इंग्रजीत नामाआधी येणाऱ्या 'द'सारखा (the) शब्द मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही, म्हणून तो मुद्दाम शिकवावा लागतो.

शनिवारी पुन्हा पालकसभा आहे. लेकीने अज्जीची कोल्ह्याची गोष्ट इंग्रजीत नऊ ओळींत लिहिली आहे. स्पेलिंगच्या चार चुका आहेत, दोन ठिकाणी 'द' राहिलाय. गोष्ट मात्र पूर्ण आहे, शेवटासकट. ती वही मी बाईंसमोर ठेवणार आहे, आणि सासूबाईंनाही सोबत नेणार आहे.